साडेचार हजारांचा तंदूर मला नक्की कितीला पडला?



गेल्या दोन-तीन व्हिडिओंत माझ्या पाठीमागे अंगणात एक काळा ड्रम दिसतोय. दुकानात येणारा प्रत्येक जण विचारतो, "मॅडम, ते पाण्याचं पिंप आहे का?" नाही हो, तो तंदूर आहे. कोळशाचा, जुना, जोगेश्वरीच्या एका ढाब्याकडून घेतलेला. किंमत ४,५०० रुपये. याच मापाचा नवा मला १६,५०० ला सांगितला होता. म्हणजे सरळ बारा हजार वाचले, असा हिशेब मी त्या दिवशी छोट्या हत्तीत ड्रायव्हरशेजारी बसून केला होता. बीबीए झालेल्या बाईने असा हिशेब करावा, याची आज थोडी लाज वाटते.

पण हे लिहायचं खरं कारण दुसरं आहे. त्याच आठवड्यात आमच्या शनिवारच्या बॅचमधल्या एका ताईंचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "मला तीन तंदूर मिळतायत, चोवीस हजारांत तिन्ही! पाच हजार टोकन देऊन आले." मिस्टरांची नोकरी सुटलेली, हाताशी जेमतेम साठ हजार, सात बंगल्याजवळ भावाचा छोटा गाळा भाड्याने मिळणार. संध्याकाळी सहा ते अकरा तंदुरी चिकन, रोटी, कबाब. सगळं ठरलेलं.

मी एकच प्रश्न विचारला. "ताई, तो माणूस तिन्ही एकदम का काढतोय?"

"त्याला पैशांची गरज आहे म्हणे."

गरज असेलही. पण खरं कारण गरज नव्हतं.

एवढा स्वस्त का?

मुंबईत २०२५ मध्ये काय झालं ते ज्याला खाण्याचा धंदा करायचाय त्याने नीट समजून घ्या. हवेच्या प्रदूषणाबद्दल मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून एक याचिका दाखल करून घेतली होती. त्यात ९ जानेवारी २०२५ ला न्यायालयाने सांगितलं की लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तसे धंदे सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर आणा. आधी पालिकेच्या मनात वर्षभराची मुदत होती, ती अर्ध्यावर आली. मग पालिकेने कोळशाचे तंदूर लावणाऱ्या हॉटेलांना, ढाब्यांना नोटिसा धाडल्या. मुदत ८ जुलै २०२५. पर्याय काय? वीज, पाइपचा गॅस, सीएनजी किंवा एलपीजी. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोळसा-लाकडावर चालणाऱ्या नव्या धंद्याला परवानगीच द्यायची नाही.

आता कळलं ना, ढाबेवाला तीन तंदूर एकदम का काढतोय? त्याला ते वापरता येत नाहीत. आणि ताईंनाही आले नसते! नवा गाळा, नवा परवाना, त्यात कोळसा. आपल्या के-पश्चिम वॉर्डात अर्ज केला असता तर तिथेच अडलं असतं. तोवर साठातले चोवीस हजार गेलेले.

विकणारा खोटं बोलला का? तो फक्त तेवढं सांगायचं टाळून गेला. जुनी भट्टी, जुना फ्रीज, जुनं मिक्सर, काहीही घ्यायला जाल तेव्हा किमतीची घासाघीस नंतर करा. आधी "का विकताय" हे तीन वेगळ्या लोकांना विचारा. मालकाला, त्याच्या कारागिराला आणि शेजारच्या दुकानदाराला. शेजारचा दुकानदार सगळं सांगतो, चहासुद्धा पाजतो.

मग मी का घेतला? मला तो धंद्याला लावायचाच नव्हता. आमचं घर वेसाव्यात, कोळीवाड्याच्या आतल्या गल्लीत. मागे मासे सुकवायचं अंगण आहे, वर आकाश मोकळं. घरी आठ माणसं. रविवारी घरच्यासाठी पेटवायचा आणि तंदूरची मासळी शिकून घ्यायची, एवढाच विचार होता. नोटिसा धंद्यांना होत्या, रविवारी अंगणात घरच्यांसाठी रोट्या भाजणाऱ्यांना नाही. पण लक्षात ठेवा, घरी बनवून एक प्लेट जरी पैसे घेऊन दिलीत तरी तो धंदा झाला. मग अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, इंधनाचे नियम लागतात. "घरूनच करतेय" ही सबब चालत नाही.

आणि बिल्डिंगमध्ये राहणाऱ्यांसाठी एक वाक्य: गॅलरीत, बंद गच्चीत, किचनमध्ये कोळशाचा तंदूर कधीही नाही. कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, माणूस झोपल्यासारखा जातो. खिडकी उघडी ठेवली म्हणून भागत नाही.

बघताना काय बघायचं

तंदूर म्हणजे बाहेरचा ड्रम नव्हे. तंदूर म्हणजे आतलं मातीचं मडकं. ड्रम, स्टँड, झाकण ही नुसती कपडालत्ता. मडकं हाताने थर चढवत बनवतात. मातीत केस, ताग, गवत असा काहीतरी धागा मळलेला असतो, म्हणजे तापून-थंड होऊन ते फुटू नये. भट्टीत भाजून आणत नाहीत, उन्हात वाळवतात. ते भाजलं जातं आपल्या विस्तवावर.

म्हणून टॉर्च घेऊन जा आणि तोंडातून आत बघा. केसासारख्या बारीक भेगा सगळ्याच तंदुरांत असतात, त्याला घाबरू नका. भेगेत नख जात असेल तर भाव पाडा. भेग आरपार असेल, किंवा पोपडे सुटून तळाशी पडले असतील, तर मडकं गेलं असं समजून फक्त ड्रमचे पैसे द्या. आतून बोटाच्या पेराने ठोकून बघा, चांगलं मडकं खणखणतं, फुटलेलं बद्द वाजतं. मग ड्रम बाहेरून ठोका. पोकळ आवाज आला तर मधलं भरण खाली बसलंय. ते भरण म्हणजे तंदूरची गोधडी. ती नसेल तर आतली ऊब बाहेर जाते आणि कोळसा दुप्पट खातो. शेवटी ड्रम तिरका करून तळ बघा. आपल्याकडे खाऱ्या वाऱ्याने लोखंड वरून नाही, खालून जातं.

माप पण बघा. हॉटेलचा मोठा तंदूर घरी आणलात तर चार रोट्यांसाठी पोतंभर कोळसा. माझा तीस इंच उंच, तोंड दहा इंच. घरासाठी याच्याहून मोठा नको.

हे सगळं मी आज सांगतेय. त्या दिवशी मी ड्रम ठोकला नव्हता.

मी केलेला गाढवपणा

तंदूर घरी आला, आणि मी काय केलं? पाइप लावून आतून स्वच्छ धुतला. ब्रशने घासला. आई भाजी निवडत बघत होती. म्हणाली, "बाय, मातीचं भांडं असं धुतात का गं?" मी म्हटलं, आई, किती वर्षांचं तेल आहे त्यात. दोन दिवस उन्हात ठेवला, वरून कोरडा वाटला. तिसऱ्या दिवशी रविवार, पाहुणे यायचे. चार किलो कोळसा घातला आणि पंखा लावला.

वीस मिनिटांनी आतून "टक्क" असा आवाज आला. फटाक्यासारखा नाही, कडक पापड मोडल्यासारखा. आत बघितलं तर ताटाएवढा तुकडा सुटून निखाऱ्यावर पडलेला. पाहुण्यांना शेवटी तव्यावरची पोळी.

झालं काय, तर माती पाणी पिते. वरून कोरडी दिसते, पण पोटात ओल असते. एकदम आच मिळाली की त्या ओलीची वाफ होते, वाफेला जागा लागते, आणि ती मडकं फोडून जागा करते. त्यात तो तंदूर अख्खा पावसाळा ढाब्यामागे उघड्यावर पडलेला, हे मला नंतर कळलं. तंदूर पाण्याने धुवायचा नाहीच. कोरडा ब्रश, कोरडं फडकं, बस्स. आतलं तेल-काजळी आचेने जळून जाते. भिंत काळी पडते, मग तापत तापत पुन्हा पांढरट होते.

नवं मडकं सांगून आणलं, ३,२०० रुपये. इथे एक सांगते, पाण्याचा माठ बनवणारा प्रत्येक कुंभार तंदूर बनवतो असं नाही. हॉटेलवाल्यांना विचारा ते मडकं कुठून आणतात. वाहतुकीत फुटलं तर पैसे कोणाचे, हे आधी ठरवा. मी ठरवलं होतं. एवढी तरी अक्कल आली होती.

बसवणं आणि पिकवणं

ड्रम रिकामा केला. आत विटांचे तुकडे, वाळू आणि कसली तरी जुनी दोरी निघाली. जुन्या भट्ट्यांत अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी किंवा पत्रा असू शकतो. तसं काही दिसलं तर हाताने कुस्करू नका, झाडू मारू नका. संशय आला तर तो ड्रम सोडूनच द्या. माझ्यात साधी काथ्याची दोरी होती.

वेल्डरकडून तळाचा पत्रा बदलला, खाली चाकं लावली. खरवडून उष्णता सहन करणारा काळा रंग मारला. मग मडकं आत. मडक्याच्या तळाशी हवेचं भोक असतं आणि ड्रमला बाहेरून छोटं दार. दोन्ही समोरासमोर यायला हवीत. आमची दोन इंच हुकली, भरण अर्धं घातल्यावर लक्षात आलं. सगळं उपसलं, पुन्हा फिरवलं. नवऱ्याने त्या दिवशी एक शब्दही बोलला नाही, यातच सगळं आलं. भरणाला मी व्हर्मिक्युलाइट घेतलं, नर्सरीत कुंड्यांसाठी मिळतं तेच. हलकं असतं आणि ऊब धरून ठेवतं. तोंडाशी ड्रम आणि मडक्यामधली फट माती, मीठ आणि बारीक कापलेल्या तागाने लिंपली.

आता मडकं पिकवायचं. पालक वाटून त्यात मोहरीचं तेल, गूळ, मीठ आणि ताक, याचा लेप आतून दोनदा द्यायचा. हे तंदूरवाल्यांचं जुनं गणित आहे, प्रत्येकाचं थोडं वेगळं. कोणी अंडं घालतो, कोणी दही. त्यातलं तेल आणि गूळ जळून भिंतीवर एक चिवट थर बसतो, त्याने रोटीला माती लागत नाही. लेप वाळल्यावर पहिल्या दिवशी तळाला चार-पाच निखारे, दोन तास. मग पूर्ण थंड. दुसऱ्या दिवशी दुप्पट. तिसऱ्या दिवशी थोडं अजून. मी पाच दिवस घेतले आणि सहाव्या दिवशी पूर्ण आच दिली. घाई करायची नाही, घाईची किंमत मला माहीत आहे.

वर्सोव्यात राहणाऱ्यांना एक जादा काम आहे. इथली हवाच ओली. महिनाभर तंदूर पेटवला नाही तर आदल्या दिवशी तासभर छोटी आच देऊन मगच दुसऱ्या दिवशी पूर्ण पेटवायचा. पावसाळ्यात तर झाकण, वर ताडपत्री, खाली विटा.

भाजताना

तीन किलो कोळसा, साधारण पाऊण ते एक तास. निखारे लाल, धूर बंद, भिंत पांढरट झाली की तयार. त्याआधी रोटी लावलीत तर ती भिंतीवर टिकतच नाही, सुटून निखाऱ्यात पडते. आमच्या पहिल्या सात रोट्यांपैकी चार निखाऱ्याने खाल्ल्या. भिंतीवर मिठाच्या पाण्याचा हबका मारायचा, रोटीच्या मागच्या बाजूला पाण्याचा हात लावायचा आणि गद्दीने दाबून चिकटवायची. गद्दी म्हणजे कापडाची गोल उशी. हाताने लावणारे उस्ताद असतात, आपण उस्ताद नाही. बाहीचा सुती शर्ट घाला, नायलॉनचा दुपट्टा घरात ठेवा.

तंदुरात माल तीन बाजूंनी शिजतो. भिंतीची धग, वर येणारी गरम हवा आणि पोटातून जाणारी तापलेली सळई. म्हणून बाहेर करपल्याचे डाग पडतात तरी आत रस राहतो. आणि आपण ज्याला "कोळशाची चव" म्हणतो, ती बरीचशी निखाऱ्यावर पडणाऱ्या तेला-मसाल्याच्या थेंबांच्या धुराची असते. गॅसच्या तंदुरात ते थेंब तापलेल्या पत्र्यावर पडतात. मी दोन्हीकडचे बांगडे डोळे मिटून घरच्यांना खायला दिले. आठपैकी पाच जणांनी ओळखलं, तिघांनी गॅसलाच कोळसा म्हटलं. हे ताईंना मुद्दाम सांगितलं.

मासळी कुठली? बांगडा मस्त, अंगात तेल असतं. पापलेट, रावस उत्तम. मी उत्साहात बोंबील म्हटलं तर आई हसायलाच लागली. "तो सळईवर राहणार आहे का? पाणीच आहे सगळं." सळई तोंडातून काट्याच्या बाजूने शेपटीपर्यंत घाला आणि खाली कांद्याचा किंवा बटाट्याचा तुकडा टोचा, म्हणजे मासा घसरत नाही. अर्धं शिजल्यावर बाहेर काढून तीन-चार मिनिटं टांगून ठेवा, तेल लावा, पुन्हा आत.

(आई अजून एका गोष्टीवर चिडते. हॉटेलातली "कोलीवाडा कोळंबी" आमची नाहीच! ती सायनच्या कोळीवाड्याची. फाळणीनंतर तिथल्या छावणीत आलेल्या पंजाबी लोकांच्या हातची तळलेली मासळी त्या जागेच्या नावाने गाजली. नाव आमच्यासारख्यांचं, मसाला त्यांचा. पण तंदूरही त्याच लोकांनी आपल्या शहरात घरोघरच्या जिभेवर आणला, त्यामुळे मी माफ केलंय.)

आता खरा हिशेब

तंदूर ४,५००. टेम्पो १,२००, उचलणारे ६००. वेल्डिंग आणि चाकं १,८००. मडकं ३,२००, ते आणायला ४००. भरण ७००, रंग ४५०. सळया, सीख, गद्दी १,१५०. पिकवण्या-शिकण्यात गेलेला कोळसा ९००. एकूण १४,९००.

नवा घेतला असता तरी सळया आणि कोळसा लागलाच असता, म्हणून ते २,०५० बाजूला काढा. उरले १२,८५०, समोर नवा १६,५००. बचत ३,६५०. बारा हजार कुठे आणि हे कुठे! त्यात माझे आणि नवऱ्याचे मिळून सहा दिवस गेले, त्यांचा पगार मी धरलेलाच नाही. धरला तर बचत गायब.

यापेक्षा कामाचा आकडा मला दुसऱ्याच कागदावर मिळाला. तंदुरी बांगड्याच्या एका प्लेटची किंमत मी काढली, ताईंसाठी. दोन बांगडे ८०, मसाला-दही-तेल २२, डबा-पिशवी १४, म्हणजे ११६. कोळसा तीन किलो, ६० रुपये भावाने १८०. दहा प्लेट गेल्या तर प्लेटमागे १८, एकूण १३४. तीनच गेल्या तर प्लेटमागे ६०, एकूण १७६! मासा तोच, मसाला तोच, पण गिऱ्हाईक कमी झालं की प्लेट बेचाळीस रुपयांनी महागली. तवा लगेच तापतो आणि लगेच बंद होतो. तंदूर एका प्लेटसाठीही तेवढाच पेटतो आणि दहांसाठीही. गॅसवर आकडे बदलतील, पण तापवायचा खर्च आधीच होतो हे बदलत नाही.

म्हणून रोज सहा ते अकरा तंदूर पेटता ठेवून गिऱ्हाइकाची वाट बघणं नव्या माणसाला परवडत नाही. त्यापेक्षा शुक्रवार आणि रविवार, गुरुवारपर्यंत आगाऊ ऑर्डर, किमान दहा प्लेट झाल्या तरच पेटवायचा.

ताईंचं टोकन परत मिळालं नाही. दोनदा गेल्या, मी एकदा सोबत गेले, तो माणूस "बघू, बघू" करत राहिला. पावती नव्हती, टोकन हातात दिलेलं. शेवटी पाच हजार सोडून दिले. गाळ्याचं भाडं सुरू होण्याआधी थांबलो हे बरं झालं. त्यांनी एक छोटा गॅसचा तंदूर नवा घेतला, हमी आणि बिलासकट. सोबत धंद्याचा १९ किलोचा सिलेंडर. घरचा लाल सिलेंडर धंद्याला लावायचा नसतो, हेही त्यांना तिथेच कळलं. आणि जुन्या तंदुराला घरी बर्नर बसवून देतो म्हणणारा एक जण भेटला होता, त्याला आम्ही दोघींनी नमस्कार केला. गॅसचं काम जुगाडाने करायचं नाही.

पहिल्या शुक्रवारी त्यांच्याकडे सहाच ऑर्डर आल्या. मला फोन केला, "दहा नाही झाल्या, काय करू?" मी म्हटलं, सहा जणांना फोन करून सांगा की रविवारी देते. चौघे हो म्हणाले, दोघांनी रद्द केलं. रविवारी एकूण तेरा प्लेट गेल्या.

त्यांच्या रविवारच्या बांगड्यांना मसाला मात्र आमच्या अंगणात ठरला. तीन रविवार, तीन वेगवेगळी प्रमाणं, आणि आईचा निकाल शेवटचा. तिच्या मते अजूनही दही जास्तच पडतंय.